'ओपन फाइल पाठवा' म्हणता, पण कुठली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात मी पाठवलेली एक जाहिरात आपल्या जिल्हा कार्यालयातून परत आली. प्रथम पुण्यस्मरणाची होती, दोन कॉलम, दहा सेंटिमीटर उंच. पैसे आगाऊ भरलेले, फोटो नीट, मजकूर घरच्यांनी दोनदा वाचलेला. फोनवर उत्तर मिळालं, "भाऊ, ही फाइल चालत नाही. फोटोशॉपची ओपन फाइल पाठवा, आणि मराठी कृतिदेव फॉन्टमध्येच टाका." ओपन फाइल म्हणजे जिच्यातली अक्षरं नंतरही बदलता येतात ती. मी म्हटलं, माझ्याजवळ आता फोटोशॉप नाही. पलीकडे थोडा वेळ सगळं चिडीचूप. मग म्हणाले, "मंग स्टुडिओ कसा चालवून राहिले?"

त्या भल्या माणसाला फोनवर उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र. लांब होणार आहे. आपण कापाल, ते कापा, पण शेवटचा परिच्छेद तेवढा ठेवा. माझं नाव छापू नये ही विनंती. कारण पुढे येतंच.

माझा स्टुडिओ घाटंजीला आहे. १९९८ मध्ये उघडला तेव्हा रोल धुवायला यवतमाळला पाठवावे लागायचे. सकाळच्या एसटीनं रोल जायचे, तिसऱ्या दिवशी फोटो यायचे. आणि लग्नघरचे लोक आदल्या दिवसापासूनच दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे. टचिंग मी निगेटिव्हवर शिकलो, टोक काढलेल्या पेन्सिलीनं. डोळ्याखालची सुरकुती निगेटिव्हवर पातळ, काचेसारखी दिसते. तिथं शिसं हलक्या हातानं भरलं की प्रिंटवर ती जागा उजळते. जास्त भरलं तर माणसाच्या डोळ्याखाली पांढरा डाग येतो आणि गिऱ्हाईक आपल्याच दुकानात आपल्याला शिव्या देतं. माझ्या गुरुजींनी पहिलं वर्षभर मला चेहऱ्याला हात लावू दिला नव्हता, फक्त मागचे पडदे आणि साड्यांचे काठ.

२००४ ला कॉम्प्युटर आणला. नागपूरला सीताबर्डीवर जोडून घेतलेला, २५६ एमबी रॅमचा. जोडून देणाऱ्यानं पिशवीत एक सीडी फुकट टाकली, तिच्यावर स्केच पेननं 'पीएस ७' लिहिलेलं. म्हणजे फोटोशॉपची सातवी आवृत्ती, २००२ मध्ये आलेली. ती सीडी खरी कोणाची, तिचे पैसे कोणाला द्यायचे असतात, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही, खोटं कशाला बोलू. आमच्या भागातल्या एकाही फोटोवाल्याच्या आला नसेल. पुढे कधीतरी समजलं की कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये कलम ६३-ब आहे. चोरीचा प्रोग्राम जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरला तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद, शिवाय ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापरला नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. माझा तर तोच धंदा. नाव का नको ते आता कळलं असेल.

पण काय प्रोग्राम होता! सुरू होताना पडद्यावर एक मोठा डोळा यायचा. पुढच्या आवृत्तीपासून तो जाऊन पिसाचं चित्र आलं, पण माझ्या दुकानात डोळाच राहिला, वीस वर्षं. टॉमस आणि जॉन नोल या दोन भावांनी घडवलेली ही वस्तू १९९० मध्ये पहिल्यांदा बाजारात आली, आणि सातव्या आवृत्तीत ती विकणाऱ्या अडोबी कंपनीनं हीलिंग ब्रश दिला. ज्यानं निगेटिव्हवर पेन्सिल चालवली आहे त्यालाच त्या ब्रशची किंमत कळेल. चांगल्या कातडीवरून नमुना उचलायचा आणि मुरुमावर ठेवायचा. उजेड-सावली त्या जागेचीच राहते, फक्त मुरूम जातो. पहिल्यांदा चालवला त्या रात्री मी घरी जेवायला गेलोच नाही, जुन्या गिऱ्हाइकांचे चेहरे काढून साफ करत बसलो.

मग बोटांना सवय लागली. ऑल्ट दाबून नमुना घ्या, कंट्रोल-डी करून सिलेक्शन सोडा, एफ-टू दाबा की पासपोर्टचे आठ फोटो तयार. हे मी बघून करत नव्हतो. दुकानात गिऱ्हाइकाशी कापसाच्या भावाबद्दल बोलताना हात आपले आपण चालायचे.

२०२४ च्या मृगात वीज पडली. तारेवरून आत आली, यूपीएस आणि मदरबोर्ड दोन्ही घेऊन गेली. हार्डडिस्क वाचली, त्याबद्दल मी देवापुढे नारळही फोडला. नवं मशीन आणलं तर त्याला सीडी घालायला खाचच नाही! ती स्केच पेननं लिहिलेली सीडी हातात घेऊन मी मशीनच्या चारी बाजूंनी फिरलो. भाचा हसला. म्हणाला, "मामा, सातवं काय पकडून बसले? नवीनच टाकून देतो, फुकटात भेटते." कुठल्याशा साइटवरून त्यानं क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत, उतरवला. आधी अँटिव्हायरस बंद करा, असं त्या पानावरच लिहिलेलं होतं. आणि आम्ही शहाण्यासारखा तो बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक फोटोच्या नावापुढे चार अक्षरांचं शेपूट लागलेलं. एकही फोटो उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी: फोटो परत हवे असतील तर ९९९ डॉलर भरा, ७२ तासांत आमच्याशी बोललात तर निम्मे. निम्मे म्हणजे तरी आपले चाळीस हजारांच्या वर. आणि ते कोणाला द्यायचे, ठाऊक नाही. दिल्यावर तो किल्ली देईलच याचीही हमी नाही. नाही दिले. सात लग्नांचे अल्बम व्हायचे होते. कॅमेऱ्याच्या कार्डांतून, लोकांना दिलेल्या पेन ड्राइव्हमधून, पाहुण्यांच्या मोबाईलमधून जमेल तेवढं गोळा केलं. एका घरची हळद गेली ती गेलीच. मुलीचे वडील समजूतदार निघाले, एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आता कोणी म्हणेल, मग रीतसर विकत का घेतलं नाही. विचार केला होता. पण २०१३ पासून ते भाड्यानं मिळतं, नवी आवृत्ती एकदाच पैसे मोजून कायमची घरी आणायची सोय तेव्हापासून गेली. त्यांची वस्तू, त्यांनी हवी तशी विकावी, माझी तक्रार नाही. अडचण माझ्या धंद्याच्या महिन्यांची आहे. आमच्याकडे पैसा दोनदा येतो. सीतादही होऊन कापसाचे वेचे सुरू झाले की एकदा, आणि एप्रिल-मेच्या लग्नसराईत एकदा. आखाडापासून पोळ्यापर्यंत गाव सगळं वावरात, डवरणी, निंदण, फवारणी. दुकानात येतात ते शाळेच्या फॉर्मवाले, साठ-सत्तर रुपयांचे पासपोर्ट. त्या दिवसांत महिन्याच्या महिन्याला भाडं निघत नाही, आणि एक महिना चुकला तर आपल्याच फायलींपुढे आपण कुलूप बघत बसायचं. कृषी केंद्राचं बी-खतही आम्ही दसऱ्यावर उधार उचलतो, तिथं ही गोष्ट बसणारच नव्हती.

माझ्या दुकानाला लागून सेतू केंद्र आहे. ते चालवणारी पोरगी यवतमाळला इंजिनीअरिंग शिकून आली. माझं तोंड बघून एक दिवस म्हणाली, "काका, चोरायचंच कशाला? फुकट आहे ते घ्या ना." तिनं माझ्या मशीनवरचं सगळं पुसून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलं आणि त्यात गिंप हा फोटोच्या कामाचा फुकट प्रोग्राम. हे नाव मी आधी ऐकलंच नव्हतं. १९९५ मध्ये अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतलं. म्हणजे वयानं ते माझ्या दुकानापेक्षा मोठं. आणि मला ते भेटलं २०२४ मध्ये, धंदा बुडायला आला तेव्हा. सीताबर्डीच्या त्या माणसानं पिशवीत हीच सीडी टाकली असती तर काय झालं असतं, असं कधी कधी वाटतं. काही झालं नसतं म्हणा. तेव्हाचं गिंप काही आजच्यासारखं नव्हतं, आणि अल्बमच्या शीटच्या डीव्हीडी सगळ्या फोटोशॉपच्या.

पहिला दिवस सांगतो. वीस वर्षांच्या सवयीनं हात कंट्रोल-डी दाबायचा. फोटोशॉपमध्ये त्यानं सिलेक्शन सुटतं. गिंपमध्ये त्यानं अख्ख्या फोटोची दुसरी प्रत उघडते. मी दाबतोय, सिलेक्शन सुटत नाही म्हणून पुन्हा दाबतोय. दुपारी मशीन रेड्यासारखं बसलं. बघतो तर एकाच नवरदेवाचे एकतीस फोटो उघडे. सिलेक्शन सोडायला तिथं कंट्रोल-शिफ्ट-ए आहे. तेवढी एक खूण मी सेटिंगमध्ये जाऊन बदलून घेतली, बाकीच्या जशा होत्या तशाच शिकलो. सगळ्याच बदलता येतात, पण मग सेतूवाल्या पोरीला काही विचारायला गेलं की तिची बटणं वेगळी आणि माझी वेगळी.

दुसरा घोळ सेव्हचा. कंट्रोल-एस केलं की गिंप आपल्या स्वतःच्या एक्ससीएफ नावाच्या फाइलीतच ठेवतं. जेपीजी पाहिजे तर एक्स्पोर्ट म्हणावं लागतं. मी पहिल्या आठवड्यात नागपूरच्या लॅबला चाळीस एक्ससीएफ पाठवून दिल्या. लॅबवाल्यानं फोन करून विचारलं, "भाऊ, हे काय पाठवलं, तेलगूमध्ये आहे का?" राग आला होता, पण आता वाटतं हा वेगळेपणा बराच. पूर्वी घाईत जेपीजीवरच सेव्ह मारून मी किती मूळ फोटो घालवले, त्याचा हिशेब नाही. आता कच्चं एकीकडे आणि पक्कं दुसरीकडे आपोआप राहतं.

एफ-टूचं दुःख मोठं होतं. फोटोशॉपमध्ये आपण एकदा करून दाखवायचं, ते लक्षात ठेवतं, पुढच्या वेळी एका बटणावर करतं. गिंपमध्ये असं करून दाखवायची सोय नाही, प्रोग्राम लिहावा लागतो. तो मला येत नाही. पण पासपोर्टची एक युक्ती सापडली, ती इतर फोटोवाल्यांच्या कामी यावी म्हणून लिहितो. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ४१३ बाय ५३१ पिक्सेल होतो. त्याच्याभोवती पांढरी जागा वाढवून कॅनव्हास ४५० बाय ६०० करायचा आणि कॉपी मारायचं. मग सहा बाय चार इंचांचं कोरं पान उघडायचं, १८०० बाय १२००. आता पेस्ट करायचं नाही. पॅटर्नच्या यादीत पहिल्याच घरात आपण कॉपी केलेला फोटो येऊन बसलेला असतो. तो निवडून 'फिल विथ पॅटर्न' म्हणायचं. आडवे चार, उभे दोन, आठही फोटो एका दमात, कापायला पांढऱ्या फटीसकट. चारशे पन्नास चोक अठराशे, सहाशे दुणे बाराशे. साडीवर ठसा मारतात तसं. हे जमलं त्या दिवशी मी सेतूवाल्या पोरीला बोलावून दाखवलं. तिला माहीत नव्हतं! त्या दिवशी चहा मी पाजला.

जे जमत नाही तेही सांगतो, उगाच भलामण करायला मला कोणी पैसे देत नाही. अल्बमच्या बारा बाय छत्तीसच्या पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फाइलीतल्या, शीटच्या माझ्याजवळ चाळीसेक डीव्हीडी आहेत. त्या गिंपमध्ये उघडतात, पण मी सुरुवात केली त्या २.१० आवृत्तीत लेयरच्या, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांच्या, सावल्या, कडा, चमक गळून पडायच्या. फुलांची शीट उघडली की हळदीच्या दिवशीचा मांडव दुसऱ्या दिवशी दिसतो तशी दिसायची. दुसरं, प्रत्येक लेयरची आपली हद्द असते, पिवळ्या तुटक रेघेची. ब्रश त्या हद्दीबाहेर चालत नाही. बांधावर अडलेल्या बैलासारखा मी तिथं तासभर अडलो होतो. मार्च २०२५ मध्ये ३.० आलं, त्यात पुष्कळ सुधारलं, फिल्टर लावल्यावर तो पुन्हा उघडून कमी-जास्त करता येतो. तरीही अल्बमला मला आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि साध्या शीट लावतो. लोकांना त्याच जास्त आवडतात हे मला फार उशिरा कळलं. ढगांतून खाली बघणारे नवरा-नवरी मी वीस वर्षं काढले, कोणी मागितले नव्हते.

आता ती परत आलेली जाहिरात.

वर्षभरापूर्वी, जानेवारी २०२५ मध्ये, पारव्याकडची एक बाई नातवाला घेऊन आली. तिचा मालक जाऊन सहा दिवस झाले होते, तेरवीला फ्रेम पाहिजे होती. तिच्याजवळ दोनच गोष्टी होत्या: त्याचं मतदान कार्ड, आणि चाळीसेक वर्षांपूर्वीचा कोणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो. ग्रुपमध्ये तो मागच्या रांगेत उभा, आणि उजवा अर्धा चेहरा पुढच्या माणसाच्या फेट्यामागे गेलेला. चेहरा किती, तर करंगळीच्या नखाएवढा. मतदान कार्डावर चेहरा पूर्ण होता, पण तो म्हातारपणचा, आजारी. तिला तो नको होता. "हे थे नाही," ती कार्डावर बोट ठेवून म्हणाली, आणि मग फेट्यामागच्या अर्ध्या चेहऱ्यावर. "थे हे."

१२०० डीपीआयवर स्कॅन केलं. दिसणारा अर्धा चेहरा उचलला, आडवा उलटवून फेट्याच्या जागी बसवला आणि नाकाच्या मधोमध शिवण जुळवली. ही आमच्या धंद्यातली जुनी वाट आहे, पण दोन्ही अर्धे एकसारखे झाले की माणूस बाहुला दिसतो. खऱ्या चेहऱ्याचा एक डोळा थोडा बारीक असतो, एक भुवई चढी असते. म्हणून उजवा डोळा मी मतदान कार्डावरचा घेतला, सुरकुत्या काढून. तो जरासा मिचका होता, तसाच ठेवला. मग शिवणीवर हील टूल घेतलं आणि सवयीनं ऑल्ट दाबला. गिंपमध्ये नमुना कंट्रोल दाबून घेतात. ऑल्ट दाबून ओढलं तर लिनक्स मिंटवर अख्खी खिडकीच सरकते. म्हाताऱ्याचा एवढा मोठा चेहरा पडद्यावर डावीकडून उजवीकडे गेला. नातू ओरडला, "आबा हालले!" ती मात्र हसली नाही. पदर तोंडाला लावून बघत राहिली.

तासाभरानं चेहरा उभा राहिला. मला वाटलं झालं. ती खुर्चीतून उठून पडद्याजवळ आली.

"बाबू, हा तीय दोनदा काहून आला? त्यायले डाव्या गालावर येकच होता."

अर्धा चेहरा उलटवताना गालावरचा तीळही उलटून आला होता, दोन्ही गालांवर तंतोतंत सारख्या जागी. माझ्यासारख्या पंचवीस वर्षं चेहरे बघणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही. कंट्रोल दाबला, बाजूची कातडी उचलली, उजव्या गालावर एक क्लिक. गेला. डावीकडचा तिनं बोटानं दाखवून ठेवला, काचेवर तिच्या बोटाचा ठसा उमटला. ती गेल्यावर मी तो लगेच पुसला नाही. दहा बाय बाराची फ्रेम केली. टोपी घालू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, घालत नव्हते.

खाली नाव टाकायची वेळ आली तेव्हा मला या नव्या प्रोग्रामनं खरं जिंकलं, आणि आपल्या कार्यालयाशी माझा वाद आहे तो नेमका इथंच. जुन्या फोटोशॉपमध्ये मराठी म्हणजे मराठी नसतेच. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवलेले असतात. आपण कॅपिटल जे आणि स्मॉल एच दाबतो आणि पडद्यावर 'श्री' दिसतं. कॉम्प्युटरच्या लेखी ते जे आणि एचच असतात. तीच फाइल फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की श्रीच्या जागी जे आणि एच उभे राहतात, आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' म्हणजे इंग्रजी अक्षरांचा उकिरडा होतो. हे आपल्या पानावरही कधीमधी झालेलं मी पाहिलं आहे, तारीख सांगत नाही. गिंपमध्ये युनिकोड मराठी थेट टाइप होते, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखीही ती मराठी अक्षरंच असतात. ज्ञ, क्ष, द्ध, 'वऱ्हाडी'तला ऱ्ह, सगळं जागच्या जागी बसतं. मुक्ता, बालू हे मुंबईत 'एक टाइप' नावाच्या संस्थेच्या मंडळींनी घडवलेले फॉन्ट कोणालाही फुकट वापरता येतात. टिरो देवनागरी मराठी म्हणून एक आहे, त्यात 'श' आणि 'ल' आपल्या शाळेच्या पुस्तकातल्यासारखे आहेत, हिंदीच्या वळणाचे नाहीत. सेतूवाल्या पोरीनं मला इनस्क्रिप्ट शिकवलं, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. पन्नाशीत नवी टायपिंग शिकायला दोन महिने गेले. पण आता मृताचं नाव मी जे टाइप करतो ते खरोखर त्याचं नाव असतं. मोबाईलवर पाठवलं तर मुलगा तेच उचलून गावच्या ग्रुपवर टाकतो, आणि तिथंही ते नावच राहतं.

आपल्या कार्यालयाची बाजू मला समजते. शेवटच्या घडीला घरचे फोन करतात: तारीख चुकली, एका सुनेचं नाव राहिलं. फाइल ओपन असेल तर तिथल्या तिथं दुरुस्त होते. गिंपमधून पीएसडी काढता येते, पण अक्षरांचं त्यात चित्र होऊन जातं, ती मग बदलता येत नाहीत. म्हणजे तुम्ही मागता ती ओपन फाइल मी कितीही इच्छा असली तरी देऊ शकत नाही. पण तिची गरज तरी काय? आपली वेबसाइट सगळी युनिकोडमध्येच असते. फोटो आम्ही वेगळा द्यावा, मजकूर ई-मेलमध्ये साधा टाइप करून द्यावा, आणि अक्षरं तुमच्या माणसानं पानावरच लावावी. सुनेचं नाव राहिलं तर तो एक शब्द टाकेल. त्याला माझ्या फाइलीत शिरावंच लागणार नाही. हे नकोच असेल तर तयार पीडीएफ घ्या, फॉन्ट तिच्या आतच बसलेला असतो. तुम्ही मात्र फोटोशॉपची ओपन फाइल आणि कृतिदेव मागता, म्हणजे तालुक्या-तालुक्यातल्या फोटोवाल्याला तीच स्केच पेनवाली सीडी जपून ठेवायला सांगता. माझ्या ओळखीत अजून तिघांनी केवळ पेपरच्या जाहिराती आणि लग्नपत्रिकांसाठी जुनं मशीन झाकून ठेवलं आहे. नेटला जोडत नाहीत, वाळवीला भितात तसे व्हायरसला भितात.

हे धोरण ठरवायला आपल्याला बैठक वगैरे घ्यावी लागेल, ती घ्या. माझी घाई वेगळी आहे. पुण्यस्मरण २३ जानेवारीला आहे. मुलगा पुण्याला कंपनीत असतो, तो आदल्या दिवशी येईल आणि आईसाठी पेपर घेऊनच गावी जाईल. या पत्रासोबत जाहिरात पुन्हा पाठवत आहे. फोटो करड्या रंगातल्या टिफमध्ये आहे, ३०० डीपीआय. आपल्या कागदावर शाई पसरून चेहरा काळवंडतो, म्हणून मधला टोन मी मुद्दाम उजळ ठेवला आहे, तो पुन्हा उजळ करू नये. मजकूर ई-मेलमध्ये आहे, नऊ ओळी, नावांचा क्रम घरच्यांनी दिलेला. डाव्या गालावर जो काळा ठिपका दिसेल तो तीळ आहे. पान लावणाऱ्या भावानं डाग समजून तो पुसू नये.

आपला,
एक फोटोवाला
घाटंजी, जि. यवतमाळ